पाहुणे खेळाडू नेमके कशासाठी?

म्हैसूर विद्यापीठाच्या गंगोत्री ग्लेड्स मैदानावर जानेवारी २०१० मध्ये झालेला रणजी करंडकाचा अंतिम सामना मुंबईकर विसरलेले नाहीत आणि म्हैसूरकर तर नाहीतच. ३३८ धावांच्या पाठलागात कर्नाटकाच्या मनीष पांडेनं १४४ आणि गणेश सतीशनं ७५ धावा केल्या. सामना यजमानांच्या हातात आला असं वाटत असतानाच मुंबईनं तो अवघ्या सहा धावांनी खेचून नेला. मुंबईचा कर्णधार होता वासिम जाफर. त्यानंतर आठ वर्षांनी, १ जानेवारी २०१८ रोजी, तोच जाफर आणि तोच गणेश सतीश इंदूरच्या होळकर स्टेडियमवर एकाच संघातून रणजी करंडक जिंकले. तो संघ मुंबईचा नव्हता आणि कर्नाटकाचाही नव्हता. विदर्भ पहिल्यांदाच रणजी विजेता झाला होता आणि हे दोघे त्याचे पाहुणे खेळाडू होते.

एका राज्याच्या संघटनेकडून ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन दुसऱ्या राज्याकडून खेळणारा तो पाहुणा, किंवा क्रिकेटवर्तुळात म्हणतात तसा व्यावसायिक खेळाडू. सामन्याचं मानधन बीसीसीआय देते, त्याखेरीज करारानुसार ठरलेली रक्कम नवी संघटना देते. मात्र असे खेळाडू हवे तितके घेता येत नाहीत. एका संघाला साधारणपणे तिघांचीच मुभा असते. पैसेवाली संघटना अख्खा संघच विकत आणते, ही समजूत इथंच निकालात निघते. अकरांपैकी किमान आठ जण घरचे लागतातच.

याहून मोठा आणि जास्त नुकसान करणारा गैरसमज म्हणजे पाहुणा येतो तो सामने जिंकून द्यायला. विदर्भाचं पहिलं जेतेपद जाफरच्या नावावर लिहून मोकळे होणारे आजही भेटतात. दिल्लीविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिकसह सहा बळी घेतले ते रजनीश गुरबाणीनं. हा स्थापत्य अभियंता झालेला विदर्भाचाच मुलगा. शतक ठोकलं यष्टिरक्षक अक्षय वाडकरनं, तेही प्रथम श्रेणीतलं त्याचं पहिलं. कर्णधार फैज फझलनं त्या मोसमात नऊशेच्या वर धावा केल्या, तोही नागपूरचाच. मग पाहुण्यांनी केलं काय? उत्तर त्याआधीच्या उपांत्य सामन्यात सापडतं. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर कर्नाटकानं पहिल्या डावात ११६ धावांची आघाडी घेतली होती. दुसऱ्या डावात विदर्भाची फलंदाजी तिथंच कोसळली असती तर गुरबाणीच्या हातात काहीच उरलं नसतं. गणेश सतीश आपल्या जुन्या संघासमोर उभा राहिला, ८१ धावा करून गेला, विदर्भ ३१३ पर्यंत पोचला. कर्नाटकासमोर १९८ चं लक्ष्य राहिलं आणि ते पाच धावांनी हुकलं. सामनावीर गुरबाणीच ठरला, त्याचे बाराच्या बारा बळी तसेच होते. पण त्या ८१ धावांनी त्याला लढायला जागा करून दिली.

पाहुण्याचं खरं काम हेच आहे, असं मला ठामपणे वाटतं. फळीत एखादी जागा रिकामी असते. तिथं उभा राहील असा घरचा मुलगा अजून दोन-तीन वर्षं तयार व्हायचा असतो. तोवर ती जागा कोसळू न देणं आणि शेजारी उभ्या असलेल्या पोराला वेळ मिळवून देणं, यासाठी जाणता माणूस लागतो.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये हा हिशेब फार उघडपणे मांडला जातो. तिथं चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढं पाच धिप्पाड खेळाडूंची भिंत असते, तिला ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. त्या पाचांच्या नावावर गुण लागत नाहीत. अठरा वर्षांचा मुलगा त्या कामाला लागणारं वजन, ताकद आणि एकमेकांच्या हालचालींची समज कमवेपर्यंत दोन-तीन वर्षं सहज जातात. दुखापती तर ठरलेल्याच. पदवी पूर्ण झालेल्या पण खेळायचा हक्क शिल्लक असलेल्या खेळाडूनं दुसऱ्या विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेश घेतला, तर त्याला एक वर्ष बाहेर न बसता लगेच खेळता येण्याची सोय तिथं बऱ्याच वर्षांपासून आहे. लोकांच्या लक्षात राहतात ते २०११ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेटहून विस्कॉन्सिनला गेलेला रसेल विल्सन, किंवा ओहायो स्टेटची पदवी घेऊन लुइझियाना स्टेटला गेलेला आणि २०१९ चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा जो बरो. दोघेही क्वार्टरबॅक. पण प्रशिक्षक याच वाटेनं भिंतीतला सहावा, सातवा, आठवा माणूसही आणतात. पहिल्या पाचांतला एक जायबंदी झाला की थेट शाळेतून आलेल्या पोराला पुढं करावं लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू. त्या भरतीचं कौतुक वर्तमानपत्रात छापून येत नाही, पण मोसम मात्र तिच्यावर तरतो.

‘पाहुणा म्हणजे निवृत्तीच्या वाटेवरचा, चार पैसे कमवायला आलेला,’ हाही शेरा नेहमी कानावर पडतो. जाफरनं मार्च २०१८ मध्ये इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध २८६ धावा केल्या तेव्हा त्याचं वय चाळीस होतं. पुढच्या रणजी मोसमात त्यानं १०३७ धावा काढल्या आणि विदर्भानं करंडक राखला. करुण नायरची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध कसोटीत नाबाद ३०३ करणारा हा फलंदाज. ईडनवरच्या त्या उपांत्य सामन्यात विदर्भाविरुद्ध १५३ धावा त्याच्याच होत्या. पुढं कर्नाटकाच्या संघातली त्याची जागा गेली आणि २०२३ मध्ये तो विदर्भाकडे आला. २०२४ मध्ये कर्नाटकातल्याच महाराजा ट्रॉफीत म्हैसूर वॉरियर्सचं नेतृत्व करत त्यानं ती स्पर्धा जिंकली. विजय हजारे करंडकात विदर्भासाठी ७७९ धावा केल्या आणि २०२५ मध्ये पुन्हा भारताच्या कसोटी संघात पोचला. विदर्भाला फलंदाज हवा होता, त्याला मैदान हवं होतं. असा सौदा दोन्ही बाजूंना फळतो.

ही सगळी आयपीएलनंतरच्या पैशाची करामत आहे असं मानणाऱ्यांनी जरा मागं जाऊन बघावं. नागपूरचे सी. के. नायडू इंदूरच्या होळकर दरबारी गेले, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकरही पुढं होळकर संघातून खेळले. सांगलीचे विजय हजारे बडोद्याकडून खेळले आणि १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात याच होळकर संघाविरुद्ध गुल महंमदबरोबर त्यांनी ५७७ धावांची भागीदारी केली. पुण्याच्या हृषीकेश कानिटकरनं तर अगदी अलीकडे, २०१०-११ आणि २०११-१२ असे लागोपाठ दोन मोसम राजस्थानला रणजी विजेतं केलं. त्यातल्या पहिल्या मोसमात राजस्थान खालच्या प्लेट गटातून वर आलं होतं.

उरतो तो सर्वांत कळीचा आक्षेप: पाहुणा आला की घरच्या मुलाची जागा गेली. हा निव्वळ गैरसमज नाही आणि तसं म्हणणं पोरांवर अन्याय करणारं होईल. २०१८ मध्ये पुदुच्चेरीला पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धांत प्रवेश मिळाला तेव्हा बाहेरच्यांची इतकी गर्दी झाली की स्थानिकांनी आवाज उठवला आणि बीसीसीआयला काही खेळाडूंची पात्रता रद्द करावी लागली. खाली शालेय आणि वयोगटाचं क्रिकेट उभं नसताना वर तीन नावं आणून बसवली, तर ती नावं गेल्यावर हातात काहीच राहत नाही. विदर्भात गोष्ट उलटी होती, कारण अकादमी आणि वयोगटाच्या संघांवरची मेहनत पाहुण्यांच्या बरोबरीनं सुरू होती. २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध नागपूरच्या जामठा मैदानावर विदर्भाची अवस्था तीन बाद २४ झाली होती. तिथून पहिलाच रणजी मोसम खेळणारा दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ धावा जोडल्या. दानिशच्या १५३, करुणच्या ८६. पाहुणा नसता तर कदाचित दानिशच्या आजूबाजूची फळी शंभरात गुंडाळली गेली असती. पाहुणा होता म्हणून दानिशची जागा गेली नाही, उलट त्याला टिकून खेळता आलं. त्याच मोसमात यश राठोडनं ९६० धावा केल्या आणि हर्ष दुबेनं ६९ बळी घेऊन रणजीतला एका मोसमाचा विक्रम मोडला. अंतिम सामन्यातल्या अकरांत पाहुणे दोनच होते, नायर आणि दिल्लीहून आलेला ध्रुव शौरी.

समोरच्या केरळ संघाकडून पहिल्या डावात ७९ धावा करणारा आदित्य सरवटे. नागपूरचा डावखुरा फिरकीपटू, २०१९ चा अंतिम सामना याच जामठ्याच्या मैदानावर ११ बळी घेऊन विदर्भाला जिंकून देणारा. त्या मोसमात तो केरळचा पाहुणा होता, आणि विदर्भाकडे त्याच्याच धाटणीचा, त्याच गावात वाढलेला हर्ष दुबे तयार होता.