व्हिएतनामचा ‘तेत’ सण आणि युद्ध

व्हिएतनाम देशांत नववर्षाच्या सणास ‘तेत’ असें म्हणतात. तेथील पंचांग चांद्रमानाचें असून ऋतूंशीं मेळ राहावा म्हणून आपल्याप्रमाणेंच त्यांतही अधिक महिना धरितात. त्यामुळें हा सण जानेवारीच्या उत्तरार्धांत किंवा फेब्रुवारींत येतो. परदेशच्या वाचकांस मात्र हें नांव बहुधा १९६८ सालच्या एका मोठ्या लष्करी हल्ल्यावरून ठाऊक असतें. त्या हल्ल्यानें लोकांच्या मनास एवढा घाव कां बसला, हें समजण्यासाठीं प्रथम हा सण घरांत कसा होतो तें पाहिलें पाहिजे.

वर्षाच्या शेवटच्या महिन्याच्या तेविसाव्या दिवशीं चुलीचे देव घरच्या मंडळींच्या वर्षभराच्या वागणुकीचा वृत्तांत सांगण्यास माशावर बसून स्वर्गीं जातात, अशी समजूत आहे. मग घर झाडून स्वच्छ करितात, देणीं फेडितात, पूर्वजांच्या थडग्यांची डागडुजी करितात. उत्तरेकडे पीचची गुलाबी फुलें व दक्षिणेकडे ‘माय’ वृक्षाचीं पिवळीं फुलें घरोघर येतात. चिकट तांदूळ, मुगाची डाळ व डुकराचें मांस हिरव्या पानांत चौकोनी बांधून ‘बान्ह चुंग’ नांवाचें पक्वान्न करितात. तें दहाबारा तास उकळावें लागतें. म्हणून रात्रभर चुलीशीं कोणी तरी जागत बसतें, आणि त्या जागरणांतच घरच्या जुन्या गोष्टी मुलांच्या कानांवर पडतात.

परंतु सणाचा गाभा याहून निराळा आहे. वर्षाच्या अखेरच्या दिवशीं घरांतील वेदीवर धूप लावून मृत पूर्वजांस घरीं येण्याचें आमंत्रण देतात, आणि कांहीं दिवसांनीं अन्न अर्पण करून त्यांस निरोप देतात. जिवंत माणसें दूरदूरच्या गांवांहून येतात व मेलेलीं माणसें परलोकांतून येतात. सारें कुटुंब एका छपराखालीं जमतें. पहिल्या दिवशीं उंबरठ्यांत प्रथम कोणाचें पाऊल पडतें, यावर वर्षाचें भाग्य अवलंबून असतें असें मानितात. त्या दिवशीं केर काढीत नाहींत, भांडत नाहींत, अशुभ शब्द उच्चारीत नाहींत. कारण आरंभीं जें घडेल तेंच वर्षभर घडत राहील, अशी श्रद्धा आहे.

युद्ध नेमकें या मीलनावरच घाला घालितें. १९५४ सालच्या जिनीव्हा येथील करारानें सतराव्या अक्षांशाजवळ देशाचे दोन भाग झाले व असंख्य कुटुंबें दुभंगलीं. १९६५ पासून उत्तरेवर सतत बाँबवर्षाव होऊं लागला, तेव्हां हनोईचीं पुष्कळ मुलें खेड्यांत पाठविण्यांत आलीं. तरीही सण राहिला नाहीं. टंचाईच्या त्या दिवसांत उत्तरेंत सणाकरितां शिधापत्रिकेवर जास्तीचा शिधा मिळे. आणि हाडवैर असतांही दोन्ही पक्ष या दिवसांपुरती लढाई तहकूब करीत.

याच सणाशीं एका विजयाची आठवणही जोडलेली आहे. १७८८ च्या अखेरीस चिनी सैन्यानें थांग लाँग, म्हणजे आजचें हनोई, व्यापिलें होतें. राजा क्वांग त्रुंग यानें आपल्या सैनिकांस वाटेंतच, तिथीपूर्वीं, तेत साजरा करावयास लाविला आणि सणांत बेसावध राहिलेल्या शत्रूवर चाल करून १७८९ च्या नववर्षाच्या पांचव्या दिवशीं राजधानी सोडविली. विजयानंतर त्यानें पीचच्या फुलांची एक फांदी दूर ह्वे येथें आपल्या राणीकडे पाठविली, अशी आख्यायिका आहे.

१९६८ सालीं याच ह्वे शहरीं सणाचें निराळें रूप दिसलें. त्या वर्षीं उत्तरेनें पंचांग सुधारल्यामुळें तेथें नववर्ष २९ जानेवारीस व दक्षिणेंत ३० जानेवारीस आलें. एकाच राष्ट्राचा पाडवा दोन दिवशीं झाला. तहकुबी जाहीर झालेली असल्यामुळें दक्षिणेचे पुष्कळ सैनिक रजा घेऊन घरीं गेले होते. अशा वेळीं उत्तरेच्या व तिच्या पक्षाच्या सैन्यानें शंभराहून अधिक शहरांवर व गांवांवर हल्ला केला. कित्येकांस बंदुकांचे आवाज प्रथम सणाच्या फटाक्यांचेच वाटले. ह्वे येथें सुमारें चार आठवडे लढाई चालली. तोफा व बाँब यांनीं शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. शहर ताब्यांत घेणारांनीं पुष्कळ नागरिकांस ठार केलें. आणि पुढें मोठमोठे सामुदायिक खड्डे उकरले गेले, तेव्हां त्यांत हजारों प्रेतें सांपडलीं.

व्हिएतनामी लोक मृताचें श्राद्ध चांद्र तिथीनें करितात. त्यामुळें ह्वे येथील कित्येक घरांत नववर्षाचे दिवस व श्राद्धाचे दिवस कायमचे एकत्र आले. ज्या वेदीपुढें पूर्वजांचें स्वागत करावयाचें, तिच्यापुढेंच बाप, भाऊ किंवा मुलगा यांच्या मरणाचा धूप जळतो. शिवाय १९७५ सालीं युद्ध संपलें तरी लाखांवर सैनिकांच्या अस्थि अद्याप मिळालेल्या नाहींत. ज्याचें थडगें नाहीं त्याचा आत्मा घराची वाट चुकून भटकतो, अशी तेथील श्रद्धा आहे. म्हणून त्यांचा शोध अजून चालू आहे. तो शोध म्हणजे सणास घरीं न पोंचलेल्या माणसाची वाट पाहणेंच होय.

क्वांग त्रुंगाचा विजय दरवर्षीं पांचव्या दिवशीं हनोईंतील दोंग दा टेकडीवर समारंभानें साजरा होतो. ह्वे येथील स्मरण घरांतच, दार लोटून, होतें. पहिल्यांत राष्ट्राचा अभिमान आहे. दुसऱ्यांत रिकाम्या जागेची जाणीव आहे. तेत या शब्दाचा अर्थ समजावयाचा तर दोन्ही गोष्टी ध्यानांत ठेविल्या पाहिजेत. तथापि सणाची पहिली हांक विजयाची नव्हे, तर ‘घरीं ये’ एवढीच आहे. आणि युद्धांत ती ऐकणारा जेव्हां कोणी उरला नाहीं, तेव्हांही आयांनीं ती घातलीच.