कार्बनच्या नळीतून वाहणारी वीज आणि उष्णता

तांब्याच्या तारेत वीज आणि उष्णता दोन्ही मुख्यतः मुक्त इलेक्ट्रॉनच वाहून नेतात. कार्बनच्या नॅनोनळीत मात्र ही कामे वाटलेली आहेत, आणि मला तिचे खरे नवल तिथेच वाटते.

१९९१ मध्ये जपानच्या सुमिओ इजिमा यांच्या शोधनिबंधामुळे या नळ्यांकडे जगाचे लक्ष गेले. षटकोनी जाळीत विणलेल्या कार्बन अणूंचा एकपदरी पत्रा गुंडाळावा, तशी तिची रचना; व्यास साधारण एक-दोन नॅनोमीटर. गुंडाळण्याचा कोन जरासा बदलला, तरी धातूसारखी नळी अर्धवाहक होऊ शकते. शक्य रचनांपैकी सुमारे एक तृतीयांशच धातूसारख्या असतात. पदार्थ तोच, अणू तेच, फरक फक्त कोनाचा!

धातूसारख्या निर्दोष नळीत इलेक्ट्रॉन शेकडो नॅनोमीटर न अडखळता जातात. तरी रोध शून्य होत नाही. जाडजूड धातूतून इतक्या अरुंद वाटेत शिरतानाच किमान साडेसहा किलोओहम रोध सोसावा लागतो. तो पुंजभौतिकीने घातलेला आहे.

उष्णता नेतात त्या अणूंच्या जाळीतील कंपनलहरी, म्हणजे फोनॉन. कार्बन हलका आणि त्याचे बंध विलक्षण ताठ, म्हणून लहरी वेगाने दूरवर जातात. एकेकट्या नळीची उष्णतावाहकता तीन हजार वॅट प्रतिमीटर-केल्विनच्या वर मोजली गेली आहे. तांब्याची सुमारे चारशे. मात्र नळ्यांचा विस्कळीत थर केला, की एका नळीतून दुसरीत जाताना लहरी सांध्यांवर अडतात आणि हा आकडा कितीतरी पटींनी घसरतो. संगणकाच्या चिपा थंड ठेवण्यासाठी नळ्या वापरताना मुख्य अडचण या सांध्यांचीच आहे.