कंसातले आकडे : सोलापूरच्या शालेय खो-खोपटूंची पारख

मराठी वृत्तपत्रांत खो-खोच्या सामन्याची बातमी छापली जाते, तेव्हा खेळाडूच्या नावापुढे कंसात ‘2.10, 1.40 मि. व 3 गडी’ असे काही आकडे दिलेले असतात. त्यांचा अर्थ असा की, तो खेळाडू एका डावात दोन मिनिटे दहा सेकंद आणि दुसऱ्या डावात एक मिनिट चाळीस सेकंद पाठलाग चुकवत मैदानात टिकला, म्हणजेच त्याने तेवढा वेळ संरक्षण केले, आणि आक्रमणाच्या पाळीत तीन प्रतिस्पर्ध्यांना बाद केले. शाळकरी खेळाडूच्या गुणवत्तेचा छापील पुरावा बहुतेक वेळा एवढाच असतो, आणि सोलापूरसारख्या जिल्ह्यात, जिथे खो-खो गावोगावच्या शाळांच्या मैदानांवर खेळला जातो, एका मुलाची दुसऱ्याशी तुलना करताना याच आकड्यांचा आधार घेतला जातो. हा आधार अपुरा आहे, आणि त्याचा तोटा गुणी मुलांना सोसावा लागतो.

या पारखीवर पुढचे बरेच काही अवलंबून असते. जिल्हा संघातून राज्य स्पर्धा, तिथून राज्याचा संघ आणि मग राष्ट्रीय स्पर्धा अशी ही चढण आहे. राष्ट्रीय स्पर्धांत 14 वर्षांखालील सर्वोत्तम मुलाला ‘भरत’ व मुलीला ‘इला’, तर 18 वर्षांखालील गटात अनुक्रमे ‘वीर अभिमन्यू’ व ‘जानकी’ पुरस्कार दिला जातो, आणि उच्च कामगिरी करणाऱ्या खेळाडूंसाठी महाराष्ट्र शासनाच्या सेवेत 5 टक्के आरक्षण असल्याने शेतमजुराच्या घरातही या निवडीकडे डोळे लागलेले असतात. 2022 मध्ये पुण्याच्या बालेवाडीत सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो या व्यावसायिक स्पर्धेने त्यात मानधनाची भर घातली. माळशिरस तालुक्यातील वेळापूरचा रामजी कश्यप या स्पर्धेत चेन्नई क्विक गन्स संघाकडून खेळला, आणि 19 जानेवारी 2025 रोजी दिल्लीत भारताने नेपाळला 54-36 असे हरवून पहिला विश्वचषक जिंकला, त्या अंतिम सामन्यात त्याने हवेत झेपावून नेपाळच्या सूरज पुजाराला बाद केले.

असा खेळाडू चौदाव्या वर्षी ओळखायचा कसा, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर खेळाच्या रचनेत शोधावे लागते. संरक्षक तिघांच्या तुकडीने मैदानात उतरतात. त्यामुळे एखाद्याच्या नावापुढे लागलेल्या वेळेत आक्रमक नेमका कोणाच्या मागे होता, हे आकड्यावरून कळत नाही. साखळी खेळणारा, म्हणजे बसलेल्या आक्रमकांच्या मधून नागमोडी पळणारा संरक्षक, आणि गोल खेळणारा, म्हणजे मैदानाच्या एका भागात रिंगण धरून पळणारा संरक्षक, यांचे कसब वेगळे असते. पहिल्याला लय लागते, दुसऱ्याला दम आणि नजर. त्यातच दुबळ्या संघाविरुद्धची तीन मिनिटे आणि बलाढ्य संघाविरुद्धचे सव्वा मिनिट यांत सव्वा मिनिटच मोलाचे ठरू शकते, पण कंसात तीन मोठे दिसतात.

आक्रमणाच्या आकड्यांत अन्याय अधिक आहे. आठ आक्रमक मध्य पट्टीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, आणि धावणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खांब ओलांडेपर्यंत त्याला माघारी वळता येत नाही; म्हणून गडी बाद होतो तो बहुधा आधीच्या दोन-तीन अचूक ‘खो’मुळे. संरक्षकाचे वजन कोणत्या पायावर आहे हे ओळखून, त्याने हुलकावणी दिली तरी न फसता, अर्धा क्षण थांबून पाठीमागून खो देणारा मुलगा सापळा रचतो, आणि खांबाजवळ बसलेला उंच, लांब हातांचा मुलगा खांब धरून झेपावतो व गडी टिपतो. बातमीत श्रेय दुसऱ्याला मिळते. ते त्याचे असतेच, कारण मातीच्या मैदानावर सूर मारताना कोपर आणि गुडघे सोलून निघतात व तरीही पुढच्या फेरीत तो पुन्हा झेपावतो. परंतु पहिल्याच्या नावापुढे आक्रमणातला एकही गडी नसावा, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलसाठी शाळकरी मुले निवडताना हीच अडचण मोठ्या प्रमाणावर दिसते. तिथे ‘वाइड रिसीव्हर’, म्हणजे कडेने धावत जाऊन लांबचा चेंडू झेलणारा खेळाडू, याची उंची, 40 यार्डांची धाव आणि झेल मोजले जातात, आणि खासगी संस्था मुलांना पाचपर्यंत तारे देतात. झेलांची संख्या मात्र चेंडू फेकणाऱ्याच्या हातावरही अवलंबून असते, जशी गड्यांची संख्या खो देणाऱ्यावर. मिसिसिपीच्या ग्रामीण भागातला जेरी राइस मोठ्या विद्यापीठांच्या नजरेत भरला नाही, मिसिसिपी व्हॅली स्टेट या छोट्या विद्यापीठातून खेळला आणि पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये 1,549 झेलांचा विक्रम करून गेला.

वाढीचे वय ही आणखी एक अडचण. चौदाव्या वर्षी बुटका, चपळ मुलगा हुलकावणीत सरस असतो; सतराव्या वर्षापर्यंत उंची वाढली की तोच खांबाजवळचा आक्रमक म्हणून उपयोगी पडतो, मात्र तोवर त्याला संघात ठेवणारा प्रशिक्षक भेटायला हवा.

अधिक न्याय्य तुलनेसाठी नव्या यंत्रांचीही गरज नाही. खो-खोच्या अधिकृत गुणतक्त्यात बाद झालेल्या संरक्षकाचा व त्याला बाद करणाऱ्या आक्रमकाचा क्रमांक, वेळ आणि बाद होण्याच्या प्रकाराची खूण प्रत्येक सामन्यात नोंदवली जाते. त्याच ओळीत शेवटचा खो देणाऱ्याच्या क्रमांकासाठी एक रकाना वाढवला, तर सापळा रचणाऱ्या मुलाची नोंद प्रथमच कागदावर येईल.