बोर्डो मिश्रण दरवर्षी फवारतो, पण हे बोर्डो आहे तरी कुठं?

द्राक्षाची बाग असो की डाळिंबाची, बोर्डो मिश्रण माहीत नाही असा बागायतदार सापडणार नाही. मोरचूद, कळीचा चुना आणि पाणी, झालं औषध तयार. पण त्याला बोर्डो का म्हणतात? तर बोर्डो हे फ्रान्सच्या नैऋत्येला गारोन नदीकाठी वसलेलं शहर आहे. आसपासच्या गावांत बनणारी रेड वाईन याच नावानं जगभर विकली जाते.

चोरांसाठी मारलेला फवारा

१८७८ च्या सुमारास अमेरिकेतून आलेला डाऊनी, म्हणजे आपला केवडा, फ्रान्सच्या बागांत शिरला. पानं गळून बागा उघड्या पडू लागल्या. १८८२ मध्ये बोर्डो विद्यापीठाचे प्राध्यापक मिलार्दे सें-जुलियन गावातून जात होते. रस्त्याकडेच्या ओळींची पानं मात्र हिरवीगार! चौकशी केली तर कळलं, येणारे-जाणारे द्राक्षं तोडतात म्हणून शेतकऱ्यांनी त्या वेलींवर मोरचूद आणि चुना मारला होता. निळे डाग बघून कुणी हात लावत नसे. मिलार्दे यांनी प्रयोग केले, १८८५ मध्ये पद्धत जाहीर केली आणि तेच मिश्रण पुढं आपल्या शिवारापर्यंत आलं.

तिथली वाईन वेगळी का?

गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या इथं एकत्र येऊन समुद्राकडं जातात. डाव्या काठावर मुरमाड, खडेवाली जमीन, तिथं काबर्ने सोव्हिन्यों हा वाण चालतो. उजव्या काठावर चिकणमाती जास्त, तिथं मेर्लो. बहुतेक वेळा एकाच वाणाची वाईन न करता दोन-तीन वाणांचा मेळ घालतात. चांगली वाईन ओकच्या लाकडाच्या २२५ लिटरच्या पिंपात मुरवली जाते.

आपल्याकडं वर्षात दोन छाटण्या, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी. तिथं मुख्य छाटणी एकच, हिवाळ्यात. काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये.

नावाचे नियमही कडक आहेत. १९३६ पासून बोर्डो हे नाव कायद्यानं बांधलेलं आहे. कुठल्या हद्दीतली द्राक्षं, कोणते वाण, हेक्टरी किती उत्पादन, सगळं ठरलेलं. जास्त माल काढला तर ते नाव लावता येत नाही. आपल्या 'नाशिक व्हॅली वाईन'ला जे भौगोलिक मानांकन आहे, त्याच जातीची ही व्यवस्था.

मग आता बागा का उपटतायत?

इतकं मोठं नाव, तरी आज तिथला छोटा बागायतदार अडचणीत आहे. फ्रान्समध्ये १९६० च्या सुमारास माणशी वर्षाला शंभर लिटरहून जास्त वाईन खपायची, आता त्याच्या निम्मीही नाही. त्यातही रेड वाईनला मागणी कमी. मधल्या काळात चीननं भरपूर माल उचलला, म्हणून बरं चाललं होतं. ती खरेदीही घसरली.

मोठ्या नावाच्या थोड्या बागांच्या बाटल्या अजून महाग विकल्या जातात. पण व्यापाऱ्याला मोकळी वाईन देणाऱ्या अनेकांचा उत्पादन खर्चही निघेना. डिसेंबर २०२२ मध्ये हे बागायतदार बोर्डो शहरात रस्त्यावर उतरले. २०२३ मध्ये वेली उपटण्याची योजना आली. हेक्टरी ६,००० युरो, म्हणजे तेव्हाच्या दरानं पाच लाख रुपयांच्या वर. अट अशी की जमीन झाडझाडोऱ्यासाठी सोडायची, नाहीतर दुसरं पीक घ्यायचं. सोडून दिलेल्या बागांतून रोग शेजारी पसरतो, हेही यामागचं एक कारण.

भाव पडला म्हणून कुऱ्हाड लावलेली बाग आपल्याकडंही अनेकांनी पाहिली आहे. बोर्डोकडं शेकडो वर्षांचं नाव आहे, कायदा आहे, जगाची बाजारपेठ आहे. तरी गिऱ्हाईकाची आवड बदलली आणि माल जास्त झाला, तेव्हा पहिला फटका बसला तो स्वतःचं गिऱ्हाईक नसलेल्या, व्यापाऱ्यावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याला. मानांकन मिळवणं गरजेचं आहेच, पण माल कोण घेणार याचा हिशोब लागवडीआधीच मांडलेला बरा.