कोरा रकाना आणि शून्य

पावसाची नोंदवही ठेवणाऱ्याला एक गोष्ट आधी शिकावी लागते. पाऊस पडला नाही, तर त्या दिवसापुढे शून्य लिहायचे. पर्जन्यमापक पाहिलाच गेला नाही, तर रकाना कोरा ठेवायचा. तिथे शून्य लिहायचे नाही. कागदावर हा फरक डोळ्यांना चटकन दिसतो. तीच वही संगणकात भरायला घेतली, की मात्र तो हरवण्याच्या अनेक वाटा तयार होतात.

रत्नागिरीचेच उदाहरण घेऊ. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा जुलैचा असतो. समजा, रत्नागिरीतल्या एका शाळेने जुलै महिन्यात २८ दिवसांच्या नोंदी घेतल्या. त्यांची बेरीज ८४० मिलिमीटर आली, आणि तीन दिवसांचे रकाने कोरे राहिले. नोंद असलेल्या दिवसांची सरासरी ३० मिलिमीटर. आता संगणकाने कोरे रकाने शून्य धरले, तर ८४० ला ३१ ने भागून सरासरी २७.१ येईल. ही चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही, कारण २७ हा आकडा जुलैला शोभून दिसतो. दुसरी पद्धत म्हणजे माहिती नसेल तिथे एखादा अशक्य आकडा लिहायचा. भारतीय हवामान खात्याच्या चौकटवार पर्जन्य-माहितीत अशा ठिकाणी उणे ९९९ असतो. तो न गाळता बेरजेत धरला, तर आपल्या शाळेची सरासरी उणे ६९.६ मिलिमीटर होईल! ही चूक निदान ओरडून आपले अस्तित्व सांगते. आम्हाला पहिली चूक अधिक धोक्याची वाटते.

संगणक येण्याच्या पुष्कळ आधीपासून हवामानशास्त्रज्ञ या अडचणीशी झगडत आले आहेत. वेधशाळा आपली निरीक्षणे पाच-पाच अंकांच्या गटांत, सांकेतिक रूपात पाठवत. या आंतरराष्ट्रीय संकेतात पावसाचा गट गाळण्याची मुभा होती; मात्र तो का गाळला, हे सांगण्यासाठी एक वेगळा अंक राखलेला होता. तिथे ३ असेल तर ‘गट गाळला, कारण पाऊस शून्य’ आणि ४ असेल तर ‘गट गाळला, कारण मोजमाप उपलब्ध नाही’. एका अंकात केवढा प्रश्न सुटला, पाहा. पावसाच्या तीन अंकी आकड्यातही अशीच योजना होती. ९८८ पर्यंतचे आकडे मिलिमीटर दाखवत, ९८९ म्हणजे ‘९८९ किंवा त्याहून जास्त’, आणि ९९० म्हणजे मोजता न येण्याइतका, ०.१ मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस. ९९१ पासून ९९९ पर्यंत ०.१ ते ०.९ मिलिमीटर. कोष्टक जवळ नसलेल्या माणसाला ९९० हा भुरभुर पाऊस नसून प्रलय वाटेल, पण नियम ठरलेला होता आणि सर्वांकडे एकच होता.

आज अशी माहिती एका संगणकाकडून दुसऱ्याकडे पाठवण्याची एक प्रचलित पद्धत म्हणजे एक्सएमएल. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १० फेब्रुवारी १९९८ रोजी तिचे पहिले प्रमाण प्रसिद्ध केले. प्रत्येक माहितीच्या मागेपुढे तिचे नाव सांगणाऱ्या खुणा, म्हणजे टॅग, लावायच्या, ही त्यातली मूळ कल्पना. टॅगची नावे आपली आपण ठरवायची असतात आणि ती देवनागरीतही चालतात:

<नोंद>
<दिनांक>१५ जुलै</दिनांक>
<पाऊस>४२.५</पाऊस>
</नोंद>

पण नुसते टॅग लावून भागत नाही. कोणी ‘पाऊस’ या टॅगमध्ये ‘भरपूर’ असे लिहिले तर? म्हणून कोणत्या टॅगमध्ये काय चालेल याचे नियम वेगळ्या कागदात लिहितात. त्याला स्कीमा म्हणतात. स्कीमा लिहिण्याच्या भाषेचे प्रमाण २ मे २००१ रोजी आले. आलेली माहिती स्कीमाशी ताडून पाहणारी आज्ञावली एखाद्या काटेकोर कारकुनासारखी वागते. नियमात बसले तर आत, नाही तर परत.

आता आपला कोरा रकाना या कारकुनासमोर ठेवू. ‘पाऊस’ हा दशांश आकडा असला पाहिजे, एवढाच नियम लिहिला आहे. <पाऊस></पाऊस> अशी रिकामी जोडी आली, तर कारकून ती परत पाठवतो. रिकामी जागा हा आकडा नव्हे! मग पुष्कळजण स्कीमात लिहितात की हा घटक ऐच्छिक आहे. तरीही रिकामी जोडी परतच येते. इथे नवशिके हमखास अडतात. ऐच्छिक याचा अर्थ ‘टॅग मुळात नसला तरी चालेल’ एवढाच. टॅग आला, की त्याच्या आत आकडा हवाच. पाहुणा आला नाही तर हरकत नाही, पण आला तर जेवूनच गेले पाहिजे, असा हा प्रकार आहे.

रिकाम्या जोडीला परवानगी द्यायची तर दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे ‘निल’. स्कीमात त्या घटकाला ‘निलेबल’ म्हणून जाहीर करायचे आणि नोंदीत स्पष्ट लिहायचे:

<पाऊस निल="ट्रू" कारण="मापक पाहिला नाही"/>

(प्रत्यक्षात ‘निल’च्या आधी एक ठरावीक उपसर्ग लागतो, इथे वाचायला सोपे जावे म्हणून तो गाळला आहे.) ‘निल’ लावले की आत काहीही असता कामा नये. टॅगला जोडलेले ‘कारण’ मात्र राहू शकते, आणि स्कीमात तशी सोय केली की तेही तपासले जाते. हा मार्ग आम्हाला सर्वांत प्रामाणिक वाटतो. तारेतल्या ३ आणि ४ या अंकांचा तो नातूच आहे. भौगोलिक माहितीसाठी बनवलेल्या जीएमएल या एक्सएमएलच्या बोलीत तर कोरेपणाची कारणेच ठरवून दिली आहेत: लागू नाही, गहाळ, नंतर मिळेल, अज्ञात आणि सांगायचे नाही. विमानांसाठीचे हवामान-संदेश एक्सएमएलमध्ये पाठवतानाही हीच पद्धत वापरतात.

दुसरा मार्ग संयोगाचा. स्कीमाच्या भाषेत दोन प्रकार जोडून तिसरा करता येतो. पहिला प्रकार: शून्य ते अमुक यांमधला दशांश आकडा. दुसरा प्रकार: मोजक्या शब्दांची यादी, जिच्यात एक नोंद ‘अत्यल्प’ आणि एक नोंद चक्क रिकामी. या दोहोंपैकी कशातही बसले तरी चालेल, असे सांगितले की ४२.५ चालतो, ‘अत्यल्प’ चालतो, रिकामी जोडी चालते. ‘भरपूर’ चालत नाही. हे सोयीचे खरे, पण रिकाम्या जोडीचा अर्थ काय, हे स्कीमा सांगत नाही. तो शेजारी मराठीत लिहून ठेवावा लागतो.

यातला ‘अमुक’ किती धरायचा? कमाल मर्यादा घातली की टंकलेखनातल्या चुका पकडल्या जातात, ४२.५ च्या जागी ४२५० पडले तर कारकून अडवतो. पण मर्यादा घालणाऱ्याने आपल्या अनुभवाला जगाची सीमा समजू नये. २४ तासांत ५०० मिलिमीटरच्या वर काय पडणार, असे कोणी म्हटले असते तर २६-२७ जुलै २००५ रोजी मुंबईला सांताक्रूझ येथे पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस स्कीमाने ‘अवैध’ ठरवला असता. जानेवारी १९६६ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर २४ तासांत १८२५ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेव्हा २००० ही मर्यादा बरी.

अक्षरांच्या घटकांत उलटा घोटाळा होतो. ‘निरीक्षकाचे नाव’ हा साधा मजकूर आहे असे सांगितले, तर रिकामी जोडी बिनतक्रार आत जाते, कारण शून्य अक्षरांचा मजकूर हाही मजकूरच. किमान एक अक्षर हवे असा नियम करावा, तर लोक स्पेसबार एकदा दाबून मोकळे होतात! आधी मागचीपुढची मोकळी जागा पुसणारा प्रकार निवडून मग लांबी तपासली, तरच हे थांबते. सक्ती फार केली, की माणसे काहीतरी भरून टाकतात. पिनकोडचा रकाना सक्तीचा असेल, तर परदेशात राहणारा नातेवाईक ९९९९९९ लिहितो आणि कारकून खूश होतो. सहा अंक आहेत ना? त्यापेक्षा ‘काहीच नाही, किंवा सहा अंक आणि पहिला अंक शून्य नाही’ असा नमुना लिहिलेला बरा. रत्नागिरीचा ४१५६१२ त्यात बसतो, आणि ज्याला पिनकोड नाही त्याला खोटे बोलावे लागत नाही.

याच नमुन्यात मराठी वाचकाला गमतीची वाटेल अशी एक गोष्ट आहे. स्कीमाच्या नमुन्यांत ‘कोणताही अंक’ यासाठी जी खूण आहे, तिच्यात देवनागरी अंकही मोडतात. पण दशांश आकडा या प्रकाराला मात्र इंग्रजी अंकच लागतात. त्यामुळे देवनागरीत लिहिलेला पिनकोड त्या खुणेपुरता वैध आणि देवनागरीत लिहिलेला पाऊस अवैध! वरच्या उदाहरणातला ४२.५ आम्ही छपाईच्या सोयीसाठी देवनागरीत दिला आहे. संगणकाला तो तसा देऊन भागणार नाही. नमुन्यात इंग्रजी अंकच हवे असतील, तर ते शून्य ते नऊ असे स्पष्ट सांगावे लागतात.

हा सगळा काटेकोरपणा नोंदवहीपुरता नाही. मुसळधार पावसाचे आणि वादळाचे इशारे मोबाइलवर पोहोचवणारी आपल्या देशातली ‘सचेत’ ही यंत्रणा कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल हे प्रमाण वापरते, आणि ते एक्सएमएलमध्येच आहे. इशाऱ्याची निकड, तीव्रता आणि खात्री हे तिन्ही घटक त्यात सक्तीचे आहेत. प्रत्येकाला मोजक्याच शब्दांची यादी आहे, पण प्रत्येक यादीत शेवटचा शब्द ‘अज्ञात’ आहे. म्हणजे रकाना कोरा सोडता येत नाही, आणि माहीत नसताना ‘तीव्र’ किंवा ‘सौम्य’ असे ठोकूनही द्यावे लागत नाही. इशारा केव्हा संपतो, हा घटक मात्र ऐच्छिक आहे. तो नसेल तर इशारा कधीपर्यंत लागू धरायचा हे घेणाऱ्याने ठरवावे, असे प्रमाणातच लिहून ठेवले आहे. नसण्याचाही अर्थ ठरवलेला आहे.

वर्गात हे करून पाहायला संगणक नसला तरी चालेल. शाळेचा पर्जन्यमापक असेल, तर जुलैची वही मुलांपुढे ठेवा आणि कारकुनासाठी नियम लिहायला सांगा. रविवारपाशी मुले अडतील. शाळा बंद, म्हणून रविवारी सकाळी कोणी पाणी मोजले नाही. पण ते पाणी कुठे गेले नाही, बाटलीतच साठले. सोमवारी मोजलेले ९५ मिलिमीटर दोन दिवसांचे आहेत. तर रविवारचा रकाना शून्यही नाही आणि गहाळही नाही. आणि मापकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर व बाटली ४ लिटरची असेल, तर २०० मिलिमीटरला ती भरून वाहू लागते. कोकणात दोन दिवसांत एवढा पाऊस काही दुर्मीळ नाही. त्या सोमवारसाठी ‘२०० किंवा जास्त’ कसे लिहायचे, याचाही नियम मुलांनाच करू द्या.