बाटली भरलेलीच राहिली

आमच्या सौभाग्यवतींचं असं मत आहे, की पन्नाशीनंतर पुरुषांना जी वेडं लागतात त्यांत सायकलचं वेड सर्वांत निरुपद्रवी. गेल्या एप्रिलच्या शेवटच्या रविवारपर्यंत माझंही तेच मत होतं.

नंदुरबारला आमचं एक सायकल मंडळ आहे. मंडळ म्हणजे नोंदलेली संस्था वगैरे नव्हे. नऊ माणसं, नऊ सायकली आणि रविवारची सकाळ, एवढीच आमची घटना. त्यात एक शाळामास्तर आहेत, औषधांच्या दुकानाचे शेठ आहेत, बँकेतले दोघे आहेत. आणि सर्वांत धाकटी म्हणजे माझी पुतणी, वय वर्षे एकोणीस. मी वयानं मोठा म्हणून, आणि दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणूनही, मंडळाचा पुढारी.

त्या रविवारचा बेत माझाच. नंदुरबारहून निघायचं, प्रकाशाला तापी ओलांडायची, शहादा, म्हसावद, राणीपूर करीत सातपुड्याच्या पायथ्याशी पोचायचं आणि घाट चढून दुपारच्या जेवणाला तोरणमाळ!

"एप्रिलमध्ये?" शेठनी शंका काढली.

"अहो, मुंबईची पोरं सायकलवर सीरियाचं वाळवंट ओलांडून गेली," मी म्हणालो.

हे मात्र खरं आहे. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ च्या मार्चमध्ये परत आले. इराण, मेसोपोटेमिया, सीरिया, सिनाई अशी एकामागून एक वाळवंटं त्यांनी तुडवली. एकूण मजल सुमारे ७१,००० किलोमीटर! त्यांच्यापुढे आमचं तोरणमाळ म्हणजे किस झाड की पत्ती!

खानदेशात वाळवंट नाही, हे मला ठाऊक आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. त्याच्या उत्तरेला सातपुडा, मधून तापी. पावसाळ्यानंतर आमच्याकडे येऊन पाहा. पपया आणि केळीच्या बागा डोळे निववतात. हिवाळ्यात नंदुरबारच्या आसपास लाल मिरच्यांच्या पथारी अशा पसरतात, की जमिनीनंच कुंकू लावलं आहे असं वाटावं. पण एप्रिल उजाडला की पारा ४२-४३ अंशांवर जाऊन बसतो. शेतं उघडी पडतात, काळी जमीन भेगाळते आणि डांबरी रस्त्यावर पाण्याचे खोटे तळे दिसू लागतात. वाळू तेवढी नसते. बाकी सारा थाट वाळवंटाचा.

पहाटे साडेचारला निघायचं ठरलं होतं. निघालो साडेपाचला. कारण? माझं भाषण! दर अर्ध्या तासाला पाणी प्यायचं, तहान लागो न लागो. नुसतं पाणी नको. लिटरभर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. डोकं झाकायचं. एकट्यानं पुढे पळायचं नाही. एवढं सांगायला पाऊण तास लागू नये, पण वक्ता हौशी आणि श्रोते अडकलेले. उरलेला वेळ फोटोत गेला.

प्रकाशाच्या पुलावर पोचलो तेव्हा सूर्य वर आला होता. तापीचं पाणी सोन्यासारखं चमकत होतं. दक्षिणकाशी म्हणून ख्याती असलेल्या या गावात तापीला गोमाई मिळते. घाटावर लोक स्नान करीत होते. मास्तरांनी दुरूनच केदारेश्वराला हात जोडले. मीही जोडले, पण नजर घड्याळाकडे.

शहाद्याला पोहे-चहा झाला. पुढे बँकेतल्या एकाच्या चाकात बाभळीचा काटा रुतला. त्यात अर्धा तास गेला. म्हसावद मागे पडेतो ऊन चांगलंच चढलं होतं, पण खरं सांगायचं तर त्याचा त्रास जाणवत नव्हता. सायकलवर हीच फसगत होते. सपाटीवर वेग असतो, अंगावर वारा येतो, घाम येतो तसा वाळून जातो. घाम वाळतो म्हणून शरीर थंड राहतं, आणि घाम दिसत नाही म्हणून आपण किती पाणी गमावलं ते कळत नाही. पुढे चढ लागला की वेग मरतो, वारा थांबतो, कष्ट मात्र दुप्पट होतात. सारी उधारी तिथं एकदम वसूल होते.

सर्वांत पुढे मी. वारा अडवायचा मान पुढाऱ्याचा! दर अर्ध्या तासानं मान मागे वळवून मी ओरडत होतो, "पाणी प्या रे!" मागची आठही माणसं आज्ञाधारकपणे बाटल्या तोंडाला लावीत होती.

राणीपूर सोडलं आणि चढ सुरू झाला. साडेअकरा वाजले असतील. डोकं ठणकत होतं. शेठ म्हणाले, "जरा सावलीत थांबू या का?" मी त्यांच्यावर खेकसलो. इतक्या वर्षांच्या स्नेहात त्यांना मी वावगा शब्द बोललो नव्हतो. ते गप्प झाले. मग एक चमत्कार घडला. मला थंडी वाजू लागली! हातावर काटा उभा राहिला. मला वाटलं, डोंगराची हवा लागली.

पुतणी सायकल दामटत माझ्या बरोबरीला आली. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, मग बाटलीकडे.

"काका, तुमची बाटली भरलेलीच आहे."

"मग?"

"आपण आत्ता कोणतं गाव सोडलं?"

"प्रकाशा," मी ठामपणे सांगितलं.

तिनं माझ्या सायकलचं हँडल धरलं. "उतरा काका," ती म्हणाली. ज्या सुरात मी तिला लहानपणी झाडावरून उतरवीत असे, तोच सूर.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. रस्त्याकडेला एका पावरा कुटुंबाचं घर होतं. त्यांच्या पडवीत मला आडवं केलं. घरातल्या म्हातारीची भाषा आम्हांला येत नव्हती आणि आमची तिला. पण माझं तोंड पाहून तिला जे कळलं ते मला चार तासांत कळलं नव्हतं. तिनं माठ पुढे ओढला. मास्तरांनी माझा सदरा काढला, पुतणीनं अंगावर तांब्यांनी पाणी ओतलं, शेठ टॉवेलानं वारा घालीत बसले. ज्यांच्यावर मी खेकसलो होतो तेच शेठ! शुद्ध नीट जाग्यावर आल्यावर साखर-मिठाचं पाणी घोटघोट पाजलं. म्हातारीनं कैरीच्या फोडी मीठ लावून सर्वांच्या हातावर ठेवल्या. पैसे पुढे केले तर ती हसली आणि आत निघून गेली.

एका पिकअपमधून मला शहाद्याला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "उन्हात शीण येणं वेगळं आणि बोलणं असंबद्ध होणं वेगळं. शरीराचं तापमान ४० अंशांपुढे गेलं की मेंदू बिघडू लागतो. अशा वेळी दवाखान्याची वाट पाहायची नसते. जिथं असाल तिथं आधी अंग थंड करायचं. ते यांनी केलं म्हणून तुम्ही माझ्याशी बोलताय."

मी पुतणीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती, आणि तिचे हात थरथरत होते. तोपर्यंत थरथरले नव्हते.

त्या दिवशी कुणीच तोरणमाळला गेलं नाही. मला त्याची फार लाज वाटली. तसं बोलून दाखवलं तेव्हा मास्तरांनी मला एक गोष्ट सांगितली. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पुरी केली. त्या शर्यतीच्या वाटेत तिथलं तापलेलं वाळवंटही लागतं. "पण एक भाऊ सायकलवर असताना दुसरा विश्रांती घेई, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला माणसं बरोबर असत," मास्तर म्हणाले. "तुमच्यावर कोणाची नजर होती? तुम्ही सगळ्यांच्या पुढे!"

मी निरुत्तर झालो. आठ जणांना पाणी पाजण्याच्या नादात मी स्वतः किती प्यालो, हे विचारणारं मी कुणी ठेवलंच नव्हतं. घरातही कर्त्या माणसाचं असंच होतं, नाही का? सगळ्यांच्या औषधांच्या वेळा त्याला पाठ, आणि स्वतःची गोळी डबीत.

आता आमच्या मंडळाचा एकच नियम आहे. जोड्या लावायच्या, आणि प्रत्येकानं आपली नव्हे, जोडीदाराची बाटली पाहायची. भाषण बंद.

पावसाळा सरता सरता, सप्टेंबरच्या अखेरीस, आम्ही पुन्हा निघालो. या वेळी खरोखरच साडेचारला! सातपुडा हिरवागार होता. वाटेत म्हातारीच्या घरी थांबून तिला लुगडं दिलं. ते मात्र तिनं घेतलं. सातपायरीच्या घाटात मी सर्वांत मागे होतो, आणि पुढून दर अर्ध्या तासानं पुतणीचा आवाज येत होता, "काका, बाटली दाखवा!"

यशवंत तलावाच्या काठी पोचलो तेव्हा मी बाटली उलटी करून दाखवली. थेंबसुद्धा पडला नाही.