भाजलेल्या मुलाची जखम भरते, मूल कधी सावरते?

वस्तीतल्या एका खोलीच्या घरात शेगडी, आंघोळीचे उकळते पाणी आणि रांगणारे बाळ एकाच जागी असतात. म्हणूनच अगदी लहान मुले ज्वाळांपेक्षा गरम पाणी, चहा, डाळ अंगावर सांडूनच जास्त भाजतात. त्यांची त्वचा पातळ असल्याने जखम लवकर खोल जाते. अशा वेळी 20 मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद, बर्फ काहीही लावू नये. स्वच्छ कापड सैल गुंडाळून थेट दवाखाना गाठावा.

त्यानंतर मुलाच्या वाट्याला काय येते, हे आपण समजून घेतले पाहिजे. पुन्हा पुन्हा होणाऱ्या ड्रेसिंगची धास्ती मूळ अपघाताइतकीच मोठी असते. अशा वेळी "काही दुखणार नाही" असे खोटे सांगू नये. दुखेल, पण थोडा वेळच, असे खरे सांगावे. पट्टीचे एक टोक त्यालाच धरू द्यावे. थोडे तरी आपल्या हातात आहे असे वाटले, की मुलाची भीती कमी होते. गोष्ट, गाणे, मोबाईलवरचा खेळ यांत मन गुंतले तर वेदनाही कमी जाणवते.

घरी आल्यावर बडबडे मूल गप्प होते, झोपेत दचकते, अंथरूण ओले करते. हा हट्ट नाही, मनावरचा आघात आहे. मूल वाढते, पण व्रणाची कातडी तितकी ताणत नाही. सांधे आखडू नयेत म्हणून महिनोन्महिने व्यायाम आणि घट्ट दाबाचे कपडे लागतात, कधी पुन्हा शस्त्रक्रियाही. त्यात मुलगी असेल तर "हिचे लग्न कसे होणार?" हा प्रश्न तिच्यासमोरच विचारला जातो. ही जखम आपण करतो, आगीने केलेली नसते.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. मूल शाळेत परतण्याआधी शिक्षकांना भेटा. व्रण संसर्गजन्य नसतो, हे वर्गातल्या मुलांना कळू द्या. "गरम पाण्याने भाजलं होतं, आता बरा आहे, चल खेळू," एवढे उत्तर त्या मुलाकडून पाठ करून घ्या. आईला दोष देणाऱ्यांना थांबवा.

आणखी एक काम. मृत्यूनंतर 6 तासांच्या आत त्वचादान करता येते. ती त्वचा मांडी, पाठीवरून घेतात, चेहऱ्याला हात लावत नाहीत. मुंबईच्या सायन रुग्णालयात आणि ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढी आहे. आपल्या वस्तीत याची चर्चा सुरू झाली, तर एखादे मूल वाचू शकते.